ओव्हनमध्ये शेंगदाणे न भाजणेबाबत

तातडीचे : कृपया अकराच्या चहापूर्वी शेवटपर्यंत वाचावे

प्रति,
मा. प्राचार्य साहेब,
विज्ञान महाविद्यालय, वाटूर,
ता. परतूर, जि. जालना

अर्जदार : मदीहा ख्वाजामियाँ शेख, संशोधक विद्यार्थिनी, भौतिकशास्त्र विभाग

विषय : प्रयोगशाळेतील ओव्हन फेराइटच्या कामासाठी मोकळा मिळणेबाबत.

संदर्भ : ओव्हनच्या दारावर अर्जदाराने चिकटवलेली सूचना व तिच्याखालील अज्ञात हस्ताक्षरातील उत्तर.

महोदय,

१. सदर अर्जदार काचेवर निकेल फेराइटचा चुंबकीय थर चढवते. रडार, मोबाइल टॉवर यांतल्या सूक्ष्मलहरींना वाटेवर ठेवायला असे थर कामी येतात. फिरत्या काचेवर द्रावणाचा थेंब सोडायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, त्यावर पुढचा थर, शेवटी भट्टी. थर केसाहून कितीतरी पातळ. तेलाची नुसती वाफ लागली तरी पोपडे धरतो.

२. वाफ शेंगदाण्यांची आहे. भांडारपाल तातेरावकाका ते परतूरच्या मोंढ्यातून आणतात, मीठपाणी लावून ओव्हनमध्ये भाजतात आणि साऱ्या स्टाफला वाटतात. वाटताना हात आखडत नाहीत, हे नमूद करणे भाग आहे. अर्जदारानेही खाल्ले आहेत. मीठ बराबर असते.

३. "फक्त संशोधनासाठी" अशी सूचना लावली असता खाली "शेंगदाण्यावरही संशोधन चालू आहे" असे उमटले. विचारणा करता काका म्हणाले, "पोरी, तुझा थर डोळ्याला बी दिसत न्हाई. आमचे दाणे दिसतात, पोटात जातात. मंग ओव्हन कुणाचा?" सर्वजण हसले. विभागप्रमुखांना तोंड भरलेले असल्याने हसता आले नाही.

४. सोमवारी नमुने मोजणीसाठी पुण्याला न्यायचे आहेत. ही पाळी हुकली तर पुढची वर्षाने. सबब तोवर ओव्हनची किल्ली अर्जदाराकडे द्यावी. स्टाफरूमसाठी अर्जदाराचे अब्बा आपल्या भांड्यांच्या दुकानातून कढई देण्यास राजी आहेत.

५. ओव्हनच्या ताटात द्रावण सांडतेच; अर्जदार ते रोज धुते. आजचा दाण्यांचा पहिला घाणा मात्र तिने ताट धुण्याआधीच त्यात भाजून निघाला. द्रावणातले निकेल नायट्रेट पोटात जाण्याजोगे बिलकुल नाही. हे कळताच काकांनी विभागातले सगळे दाणे स्वतः फेकले, "साहेबाला तू कळव, अर्जात लिही" म्हणाले आणि जल्दीने जालन्याला कामासाठी निघून गेले. शिपाई रामराव म्हणतात, "मीटिंग चालू हाय. आत कागद जातो, माणूस न्हाई." म्हणून हा कागद.

साहेबांची बरणी काकांनी त्याआधीच याच घाण्यातून भरून ठेवली आहे. ती आपल्या डाव्या हाताला आहे. झाकण उघडू नये.

दाराबाहेर उभी असलेली,
आपली नम्र,
(सही)
मदीहा शेख
दि. १४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

सोबत : पोपडे धरलेली काच, एक. कढई मागाहून.