आमचा चार वाजताचा वर्ग

तीर्थस्वरूप मामांस, भाचीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामींनी चोळून चोळून तो ताळ्यावर आणला असेल, असं समजून पुढे लिहिते. (निम्म्या गावाच्या दाढा उपटणाऱ्याने स्वतःच्या गुडघ्यापुढे हात टेकावेत, हे बरं नव्हे.)

तर तुमची भाची शिक्षक पात्रता परीक्षा पास झाली. तिसऱ्या खेपेला! अकरा वर्षं शिकवतेय, पण मला शिकवता येतं असा कागद नव्हता, आणि मुख्याध्यापकांनी या वेळी बजावलंच होतं, की कागद आणा नाहीतर घरी बसा. दोन्ही वेळा बालमानसशास्त्रात आपटले होते. म्हणून सासूबाईंनी (वय एक्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका, भाजीसुद्धा रांगेत मांडून निवडतात) मला रोज दुपारी चारला सतरंजीवर बसवायला सुरुवात केली. आधी हजेरी. कुठल्याशा जुन्या वर्गाची एक्केचाळीस नावं त्यांना तोंडपाठ. प्रत्येक नावानंतर ‘हजर’ म्हणण्यापुरत्या थांबत. दोन दिवस हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. तिसऱ्या दिवशी सराव प्रश्नपत्रिका सोडवताना त्या म्हणाल्या, “वही झाक. मागचा बघतोय.” मागे कपाट होतं. चौथ्या दिवशी मी मुद्दामच एका नावाला “हजर” म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. “तो देतोय ना उत्तर? तू कशाला मध्ये बोलतेस?” मामा, त्यानंतर मी हसले नाही.

पुढे एक प्रश्न आला, वर्गात अजिबात न बोलणाऱ्या मुलासाठी काय करावं? माझं पुन्हा चुकलं. सासूबाई म्हणाल्या, “त्यालाच विचार की.” मी कपाटाकडे तोंड करून विचारलं. (ह्यांनी दारातून पाहिलं आणि मुकाट्याने चहा करायला गेले.) मग मानेला गार श्वास लागला आणि मला कळलं, जवळ जाऊन नुसतं बसावं. पर्याय तिसरा. बरोबर! मग महिनाभर तसंच विचारत गेले. परीक्षेत माझ्यामागचा बाक रिकामा होता, तरी पर्यवेक्षक बाई त्या बाकाला दोनदा “शांत बसा” म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. मला दीडशेपैकी एकशे अठरा.

निकाल लागला तसं “आता वर्ग तुझा” म्हणून सासूबाई चार वाजता खुशाल झोपू लागल्या. मी हे बंदच करणार होते. पण चारला सतरंजी अंथरलेली असते हो. कोण अंथरतं, विचारू नका. तशीच सोडून जाववत नाही. हजेरी आता मी घेते.

मामींना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आशीर्वाद.

तुमची,
कागदवाली मास्तरीण

ता. क. : सोमवारी माझ्या तोंडून बेचाळिसावं नाव निघालं. तुमचं, पाळण्यातलं, आजोबांच्या नावासकट. उत्तर आलं नाही. सासूबाई झोपेतच म्हणाल्या, “न आलेल्याच्या घरी दोन मुलं पाठवायची असतात.”

ता. क. २ : तेव्हा रजेचा अर्ज ताबडतोब पाठवा. कारण ताप लिहा, गुडघा चालणार नाही. मुलं मात्र निघालीत. दार वाजलं तर ओरडू नका, आधी पाणी द्या. पायी येतायत.