माझ्या स्क्रूशेजारचे तुमचे रिपिट

मामाजी, जयभीम.

काटोलच्या बस स्टँडवर बसून लिहितोय. नागपूरची बस यायला वेळ आहे, उजवा हात पत्र्यावर रिपिट गन दाबून दाबून भरून आलाय, त्यामुळे अक्षर समजून घ्या. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि या आठवड्यात तुमची चोरी पकडली गेली. घरी पोचून तुमच्या लेकीला, वैशालीला तोंड दाखवण्याआधी तुमच्याशी भांडून घेतो.

सोमवारी धंतोलीतल्या आपल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून डॉक्टरबाईंचा फोन आला. वर नवी खोली काढली आहे, तिथे पत्र्याच्या डक्टमधून कुलरची हवा न्यायची. मी लगेच गेलो. म्हणाल्या, "जुन्यासारखंच करा. इतके उन्हाळे झाले, पण तुमच्या डक्टची कधी खडखड नाही." माझी छाती अशी फुगली मामाजी! ते काम माझं होतं ना. लग्नानंतरचं माझं पहिलं स्वतंत्र काम, सगळं स्क्रूवर. मी बाईंना तिथल्या तिथे दहा मिनिटं स्क्रूचं महत्त्व सांगितलं. मागे दोन पेशंट डोळ्यांत औषध घालून बसले होते, त्यांनीही ऐकलं.

मग गच्चीवर गेलो. फाटा काढायला एक जोड उघडायचा होता. सहाच्या सहा स्क्रू काढले आणि ओढलं. जोड हलेना! वाटलं, गंज धरला असेल. हातोडी मारली, पाय लावून ओढलं, शेवटी फडक्याने धूळ पुसली. तर काय? माझ्या प्रत्येक स्क्रूशेजारी एक रिपिट, कंपनीवाल्यांच्या भाषेत रिव्हेट! आणि त्याच्या डोक्यावर चंदेरी रंगाचा ठिपका, पत्र्यात मिसळून जावा म्हणून. गच्चीवरच्या सगळ्या जोडांवर तेच.

कोणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. चंदेरी रंगाचा तो डबा अजून आपल्या प्रताप नगरच्या घरात, जिन्याखाली आहे.

आता कळलं, तुम्ही रविवारी विहारात कशाला जायचे ते! मामी बिचाऱ्या विचारायच्या, "विहारात जाले ड्रिल मशीन काहून लागते वं वैशाली तुह्या बापाले?" आणि तुम्ही चप्पल घालता घालता म्हणायचे, "बिगडली हाय. रस्त्यात दाखवतो." तीच मशीन दर रविवारी बिघडायची. आम्हा तिघांपैकी एकालाही शंका आली नाही, इतकी आमची तुमच्यावर श्रद्धा.

मामाजी, तुम्ही मला सांगितलं का नाही?

उत्तर मला माहीत आहे, म्हणून तर राग येतोय. लग्नाआधी पाच वर्षं मी तुमच्याच हाताखाली होतो. तेव्हा तुमची जीभ किती मोकळी होती! "अबे पम्या, पत्रा हाय का पापड हाय?" "अबे, भोक पाडून राह्यला का खड्डा?" एक रिपिट तिरपा गेला की तुमचा आवाज तीन घरं ओलांडायचा. मी जे काही शिकलो, ते त्या पाच वर्षांत.

मग वैशालीशी माझं लग्न ठरलं आणि त्याच संध्याकाळी तुम्ही मला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणालात, "बसा जी, जवाईबापू." मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. त्या दिवसापासून एक शिवी नाही. जावयाला बोलायचं कसं! तुमच्या घरात जावयाच्या ताटातलं मीठसुद्धा कमी पडत नसे. आणि तिथेच घोटाळा झाला. तुम्ही बोलणं बंद केलं आणि माझं शिकणं बंद झालं.

मला तर रानच मोकळं झालं. बॅटरीवरची स्क्रूची मशीन घेतली. झर्र केलं की एक स्क्रू आत! तुमचं आपलं आधी भोक पाडा, मग रिपिट घाला, मग गन दाबा, मग टक्. तुमचा एक जोड होईपर्यंत माझे तीन व्हायचे आणि वर मी चहा पिऊन तुमच्याकडे बघत बसायचो. "मामाजी, जमाना बदलला," असंही म्हणालोय मी. म्हणालोय ना? एकदा नाही, दर उन्हाळ्यात म्हणालोय. तुम्ही फक्त म्हणायचे, "बरं हाय जी. नवी पद्धत हाय."

तुम्हाला पक्कं माहीत होतं. कुलरचा पंखा दिवसभर थरथरतो, पातळ पत्र्यातला स्क्रू त्या थरथरीने एकेक आटा सुटत जातो आणि दोनतीन उन्हाळ्यांत जोड बोलायला लागतो. रिपिट मात्र एकदा बसला की बसला. हे मला तुम्हीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं, शिव्यांसकट. आणि तरी माझा एकही स्क्रू तुम्ही काढला नाही. मला उघडं पाडलं नाही. नुसते शेजारी रिपिट मारून निघून आलात.

हे सगळं डोक्यात बसलं आणि मी गच्चीवरच माझी कामं बोटांवर मोजायला लागलो. पुढचा हिशोब सोपा होता. शेवटची दोन वर्षं तुमचे गुडघे गेले होते, शिडी बंद होती. त्या दोन वर्षांत मी मोठं काम एकच केलं, काटोलचं मंगल कार्यालय. तिथला डक्ट पंगतीच्या बरोबर डोक्यावरून जातो. आणि लग्नं तर आता सुरूच होतील. जोड सुटून पत्रा वरणाच्या बादलीत पडला तर नशीब म्हणायचं. माणसावर पडला तर?

आणि मग आठवलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून दोनदा म्हणालात, "जवाईबापू, काटोलले एकदा जाऊन या जी." मला काय वाटलं? यांना संत्री खायची आहेत! मी काटोललाही गेलो नाही. धंतोलीच्या कोपऱ्यावरून दोन किलो संत्री आणली आणि म्हणालो, "घ्या मामाजी, काटोलची." तुम्ही माझ्याकडे बघितलं आणि एक सोलून खायला लागलात. अहो, तेव्हा तरी एक शिवी घालायची! मरणाच्या दारात कसला आलाय जावयाचा मान?

म्हणून आज सकाळी ड्रिल आणि रिपिट गन थैलीत टाकून पहिली बस पकडली. कार्यालयात कुलर मागच्या अंगणात आहे, तिथून डक्ट भिंतीला धरून वर चढतो आणि मग आडवा जातो. मी खालूनच बघत गेलो. पहिला जोड बघितला आणि डोळे चोळले. स्क्रू, शेजारी रिपिट, वर चंदेरी ठिपका! दुसऱ्या जोडावरही. तिसऱ्यावर फक्त पुढच्या बाजूला दोन, आणि तेही वाकडे. त्याच्या वर काही नाही, नुसते माझे स्क्रू. पाचसहा तर खालूनही सैल झालेले दिसत होते.

मॅनेजरला विचारलं. तो हसायलाच लागला. "ते बुढे बाबा? तुमचे कोन होत जी ते? मागच्या साली लग्नात आल्ते. पांढरा सदरा, हाती थैली. आमाले वाटलं पोरीकडचे, पोरीकडच्याईले वाटलं पोराकडचे! पंगतीत जेवले, अन् मंग खुर्चीवर उभे राहून टक् टक् करून राह्यले. मी म्हटलं, बाबा, काहून चढून राह्यले? तं म्हणे, माह्या जवायानं बसवला हाय डक्ट. बढिया बसवला. मी जरासा हात फिरवून राह्यलो."

मागच्या साली! म्हणजे त्या दिवशी तुम्ही "बहिणीकडे जाऊन येतो" म्हणून निघालात आणि संध्याकाळी लंगडत, आंबट संत्र्यांची पिशवी घेऊन परत आलात. मामींनी तुम्हाला संत्र्यांवरून किती बोलून घेतलं. परक्यांच्या लग्नात, गुडघ्यात जीव नसताना, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभे राहिलात तुम्ही! पडला असतात तर? मला खूप राग आला मामाजी, आणि तिथे अंगणात मी रडलोही. मॅनेजरने पाणी आणून दिलं.

मग शिडी लावली. तुमचा हात पुरला होता त्या वाकड्या दोन रिपिटांच्या पुढून मी सुरुवात केली. इतक्या वर्षांत सवय मोडलेली, माझा पहिला रिपिट साफ तिरपा गेला. मी तसाच थांबलो, मान न वळवता. मागून आवाज येईल असं खरंच वाटलं. आला नाही. शेवटी मीच ओरडलो, "अबे पम्या, पत्रा हाय का पापड हाय?" मॅनेजर बाहेर येऊन बघून गेला. मी तो रिपिट काढला आणि सरळ मारला. मग शेवटच्या जोडापर्यंत एकही तिरपा गेला नाही.

उद्या धंतोलीला जाऊन डॉक्टरबाईंना खरं सांगणार आहे, आणि ते दोन पेशंट भेटले तर त्यांनाही. तुम्हाला वचन देतो, माझे जिथे जिथे नुसते स्क्रू आहेत तिथे शिडी घेऊन जाईन. जे झाकण साफसफाईला उघडावं लागतं तिथे मात्र स्क्रूच लावणार, तेवढं माझं खरं होतं, मान्य करा. आणि आणखी एक. आपली चिनू, तुमची नात, मोठी होऊन तिचा नवरा या धंद्यात आला, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच मी त्याला 'अबे' म्हणणार आहे. तुमची मुलगी माझ्याशी महिनाभर बोलली नाही तरी चालेल.

बस लागली.

तुमचा,
पम्या
(जवाईबापू नाही)