मालक ठेवा, बाकीचं पुसा

३ फेब्रुवारी
मी समोर उभी असताना आईनं पायललाच का विचारलं? रस्ताभर विचार केला.

वाटूरच्या वाचनालयात पन्नाशीपुढच्या बायकांना मोबाईल आणि कॉम्प्युटर शिकवते ती मी. घरातली पहिली पदवीधर! पायल नुसती मदतीला — दहावी नापास, चौकात बांगड्यांचं दुकान. आणि माझीच आई सगळ्यांदेखत म्हणते, “पायल, हे बटन कशाचं गं?”

६ फेब्रुवारी
मतदार यादीत आपलं नाव शोधायचा धडा. टाईप करणं जमत नाही, म्हणून माईक दाबून बोलायला सांगितलं. स्वतःचं नाव सगळ्या बोलल्या. पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा — सगळ्या गप्प! चतुराबाईंनी तोंडाला पदर लावला. “मालकाचं नाव असं कुठं घेत्यात का, मॅडम?”

मी समजावलं. काळ बदललाय, नाव घेतल्यानं काही होत नाही. दहा मिनिटं बोलले. जांभया!

मागून पायल म्हणाली, “मंग उखाणा घ्या की, मावशी!”

चतुराबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. “परातीत पीठ, पिठात पाणी, भुजंगराव कमी बोलतात, मीच त्यांची वाणी!” अख्खा उखाणा रकान्यात उमटला. सगळ्या हसून बेजार. पायल म्हणे, “आता मालक ठेवा, बाकीचं पुसा.”

म्हणजे पुसायलाही शिकल्या! मी तीन दिवस तेच शिकवत होते. मला का नाही सुचलं?

७ फेब्रुवारी
नुसते उखाणे. मी पायलला पाणी आणायला पाठवलं. दोनदा. तहान कुणालाच नव्हती.

११ फेब्रुवारी
वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे सोमेश्वर सर जालन्याहून आले. पुढच्या महिन्यापासून आमच्यातल्या एकीलाच ठेवणार आहेत. बायकांचे उखाणे ऐकून खूश. “झकास! कुणाची युक्ती?”

पायल दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून गेलेली.

मी म्हटलं — “माझी.”

आई पहिल्याच रांगेत होती. मान खाली घालून फोनकडं बघत राहिली.

१२ फेब्रुवारी
आई बोलत नाही. भाकरी वाढली, तीही मुकाट्यानं.

१३ फेब्रुवारी
आईचा फोन चार्जिंगला लावायला घेतला. सरावाला बोलून लिहिलेलं पान तसंच उघडं —

पाटी राहिली कोरी तोच जिवाला घोर संपतरावांचं नाव घेते बीए झाली पोर

हा उखाणा मी कधीच ऐकला नव्हता. पायलनं ऐकला असणार. पहिल्यांदा तोच राग आला! खरंच.

“आई, पुसायचं राह्यलं का?”

“पुसता येतंय मला. पुसायचं न्हाई.” मग म्हणाली, “तुझ्यापुढं चुकायची लाज वाटती गं. पायल बी माझ्यासारखीच, शाळंतून माघारी आलेली.”

मला वाटलं, आता परवाचं काढेल. नाही काढलं.

१५ फेब्रुवारी
सरांना फोन केला. सांगितलं, युक्ती पायलची, मी खोटं बोलले. ते म्हणाले, “मग वर्ग तिलाच द्यावा लागंल. बघा, विचार करून सांगा.”

वाचनालयाची चावी कालच तिच्या दुकानात देऊन आले.