माझ्या ग्रंथालयात मला जागा नाही

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार, पण मनातल्या मनात. (नववा महिना चालू असल्यामुळे वाकण्याचं खातं सध्या बंद आहे. परवा पडलेली पेन्सिल अजून जमिनीवरच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला कमी झाला का? केवळ रीत म्हणून विचारत नाहीये हं. संध्याकाळी माझे पाय असे सुजतात की नवऱ्याच्या चपला मला फिट्ट बसतात, तेव्हापासून जगातल्या यच्चयावत गुडघ्यांबद्दल मला जिव्हाळा वाटू लागलाय.

इकडे सगळं उत्तम आहे. ‘बाळंतपणाला यायची तसदी घेऊ नकोस, मी समर्थ आहे’ असं मी तुला मागे कळवलं होतं, त्यावर मी ठाम आहे. हा ठामपणा कसा चाललाय तेवढं ऐक.

आमच्या वास्तुकला विभागाच्या प्रमुख बाईंनी मला सहाव्या महिन्यातच बोलावून घेतलं होतं. विद्यापीठाचा नियम आहे म्हणाल्या, गरोदर विद्यार्थिनीला रजा मिळते, वर्ष बुडत नाही, शेवटची परीक्षा बाळंतपणानंतर देता येते, वर्गात पाठीची खुर्ची मिळते. हा तुझा हक्क आहे, माझी मेहेरबानी नव्हे, असंही बजावलं. आणि मी काय केलं? मान ताठ करून म्हटलं, बाई, मला सवलत नको. (आपल्या घराण्यात अक्कल येते उशिरा, बाणेदारपणा मात्र जन्मासोबतच येतो.) माझ्या मनात भलताच हिशोब होता. सासूबाई स्वभावानं लोणी आहेत, पण दिवस गेल्यापासून त्यांचं एकच पालुपद, “बास की आता, शिक्षण काय पळून जातंय?” मी साधी उशी जरी मागितली असती तरी त्यांचंच खरं ठरलं असतं, असं मला वाटायचं.

मग मी इतरांसारखीच उंच, बिनपाठीच्या स्टुलावर बसून माझ्या वर्षभराच्या प्रकल्पाचे, म्हणजे एका ग्रंथालयाचे, नकाशे काढू लागले. ड्रॉइंग बोर्ड आणि मी यांच्यामध्ये पोट, त्यामुळे हात कागदाच्या अर्ध्यापर्यंतच पोचायचे. हात लांबवला की पोट कागदावर फिरायचं आणि शिसं पुसलं जायचं. ग्रंथालयाचा तळमजला माझ्या कुर्त्यावर इतका स्वच्छ उमटायचा की नवरा म्हणाला, हाच का नाही टांगत भिंतीवर? वर्गातला एक दाढीवाला मुलगा बिचारा माझं मॉडेल उचलायला पुढे आला, तर मी त्याच्यावरच खेकसले. ते पुठ्ठ्याचं अख्खं ग्रंथालय पोटावर ठेवून निघाले आणि दारात अडकले. ना आत, ना बाहेर. शेवटी दाढीवाल्यानंच सोडवलं, वर ‘सॉरी’ही तोच म्हणाला.

तर ज्युरी. म्हणजे आपण वर्षभराचं काम भिंतीवर टांगायचं आणि परीक्षकांनी आपल्याला. माझं ग्रंथालय म्हणजे, आत्या, काय सांगू! दर्शनी भागात भव्य जिना, वाचनकक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, बसायला दगडी बाक (बिनपाठीचे, कारण साधेपणा), आणि स्वच्छतागृह तळघरात, पार टोकाला, कारण दर्शनी बाजू बिघडायला नको. ‘ही वास्तू प्रत्येकाला सामावून घेते’ हे वाक्य मी आरशासमोर घोकून गेले होते. ते म्हटलंही. त्यावर इतका वेळ डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्या परीक्षकांनी एक डोळा उघडून विचारलं, “मग तू यात दिवस काढून दाखव बघू. कुठून शिरशील? कुठे बसशील?”

मी बोटानं मॉडेलचा जिना चढू लागले. नुसत्या बोटानं, तरी धाप लागली! बोट वर पोचतं न पोचतं तोच मला खरोखरीची लघवी लागली. तिथून तळघर बघितलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढ्यात परीक्षक म्हणाले, पुढल्या महिन्यात बाळाला घेऊन आलीस तर दूध कुठे पाजशील? मी मजल्यामागून मजला शोधला. आत्या, मी छत्र्यांना स्वतंत्र खोली दिली होती. छत्र्यांना! ‘छत्र्यांच्या खोलीत’ असं उत्तर दिलं. सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता मधेच भोकाड पसरलं. निकाल असा की महिनाअखेर सगळं नव्यानं करून दाखव, नाहीतर वर्ष गेलं. बाळही महिनाअखेरचंच आहे.

मग गेले बाईंकडे, शेपूट घालून. मला वाटलं, आता ऐकवणार. तर त्या म्हणाल्या, “अगं, तेव्हा नको म्हणालीस म्हणून हक्क संपतो होय?” आता ज्युरी रजेनंतर. आमच्या इमारतीतही बाळाला पाजणाऱ्या आईला बसायला एक खोली आहे म्हणे, ती मोडक्या बोर्डांनी भरली होती. ती रिकामी करण्याचं काम चालू आहे आणि मी पाठीच्या खुर्चीत बसून हुकूम सोडते. पाठ टेकली की इतकं बरं वाटतं हे आधी कळलं असतं, तर बाणा केव्हाच गुंडाळून ठेवला असता.

तेव्हा सगळं मार्गी लागलंय. तू मुळीच येऊ नकोस. आतोबांना नमस्कार.

तुझी भाची
(समर्थ)

ता. क. आलीस तर बरं होईल.

ता. क. दुसरा. खरं सांगू? मला भीती वाटते. कळांची नाही, रजा संपण्याची. घरात सगळे इतक्या मायेनं वागतात की त्या दिवशी सासूबाई म्हणतील, राहू दे गं. नवरा म्हणेल, तुझी मर्जी. आणि बाळाकडे बघून मीच म्हणेन, राहू दे. परत जायचा हक्क विद्यापीठानं दिलाय, पण मला घराबाहेर काढणार कोण? बाळाला मांडीवर घ्यायला इथे रांग लागेल. माझ्या मांडीवरून ते उचलून घेऊन “नीघ आता” असं खडसावणारं माणूस मला हवंय, आणि तसं आपल्यात तुझ्याशिवाय कुणी नाही. मी रडले, पाया पडले, तरी दार लावून घे.

ता. क. तिसरा. हे पत्र पोचलं की मी फोन करून ‘असं काही नाही गं, उगाच लिहिलं’ म्हणेन. तू बॅग भरत राहा.