तीन नद्यांची रेष

पिंपळे सौदागर,
१ ऑगस्ट २०२५

चि. सलिल,

अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद काढला. हे पाकीट सांगवीला तुझ्या आईकडे देणार आहे. ती ते तुझ्या हातात ठेवल्याशिवाय राहायची नाही.

आम्ही ठीक आहोत. पावसामुळे तुझ्या काकूचे गुडघे कुरकुरतात, माझी नदीकडची फेरी चालू आहे. सूनबाईंचं म्हणशील तर सुखदा ऑफिसला जाते, जेवते, कधी हसतेसुद्धा. फक्त रविवारी अजून लवकर उठून स्वानंदच्या सायकलच्या बाटल्या भरते आणि मग लक्षात आलं की ते पाणी कुंड्यांना घालते. आम्ही दोघं झोपल्याचं सोंग करतो.

स्वानंदचं वर्षश्राद्ध तिथीने मागच्या आठवड्यात झालं. त्याचा मित्र म्हणून तुझं पान वाढून ठेवलं होतं. तू आला नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. तू तरी कुठल्या तोंडाने येणार. हे वाक्य लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही.

परवा सुजित आला होता. तुमच्या सायकल ग्रुपने स्वानंदच्या आठवणीत ऑगस्टभर चॅलेंज ठेवलंय म्हणे. ज्याने त्याने आपल्या सवडीने स्वानंदची शेवटची राइड करायची, तोच रूट. पूर्ण केली की ॲपवर बॅज मिळतो. बॅजवर त्याचा हेल्मेटमधला फोटो आहे. सुखदाने तो पाहिला, ‘छान आहे’ म्हणाली आणि आत गेली.

तोच रूट म्हणजे तुझी ‘तीन नद्या’. मोशीला इंद्रायणी ओलांडायची, चाकणचा भुईकोट बघायचा, मग कंपन्यांच्या कुंपणामागून निघून भामेच्या काठाने उसातली मातीची वाट धरायची, ती थेट तुळापूरला भीमेवर. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तू ती पहिल्यांदा फिरून आलास आणि आमच्याच टीव्हीवर लावून दाखवलीस. नकाशावर निळी रेष. ‘काका, एक ट्रक नाही, एक सिग्नल नाही!’ चाकणला नोकरी करून ट्रकचा धूर खाल्लेला माणूस मी, मला तर हेवाच वाटला. मीच स्वानंदला म्हटलं, बघ, हायवेवर कशाला मरायला जातोस?

मंगळवारी मी तिकडे जाऊन आलो. घरात बँकेत जातो असं सांगितलं. पोलीस चौकीतून सायकलबरोबर ते हँडलवरचं रस्ता दाखवणारं छोटं यंत्र परत मिळालं होतं. चार्जिंगला लावलं तर चक्क सुरू झालं, आणि आत तुझी रेष तशीच. स्कूटरला बांधलं आणि बाण दाखवील तसा गेलो. वाट सुंदर आहे, सलिल. खोटं कशाला बोलू? एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नदी, मधूनच एखादा वीरगळ शेंदूर फासून उभा. त्याने हे सगळं पाहिलं असेल, एवढं मनात आलं.

ऊस संपून वाट खाली उतरते तिथे पाणी साचलं होतं. पावसाळ्यात कुठल्याही वाटेवर साचतं तसंच, तांबडं, वर काड्याकुड्या. चाकोरी अलीकडून पाण्यात शिरत होती आणि पलीकडे बाहेर येत होती. यंत्रावरचा बाण सरळ समोर. मी वाट सोडून शेतात बराच आत गेलो, तर ते वाजायला लागलं की तुम्ही मार्ग चुकलात.

तेवढ्यात ज्योतीराम आले. त्यांची जमीन तिथेच आहे, आणि स्वानंदला बाहेर काढलं ते त्यांनीच. मला लगेच ओळखलं त्यांनी.

“त्यो खड्डा बुजवला वो. सायेब लोक आलं हुतं पंचनाम्याला, मग बुजवला,” ते म्हणाले. “ह्यो दुसरा हाय. उन्हाळ्यात ईटभट्टीवाल्यानं माती न्हेली. दोन पुरुस खोल हाय.”

“पाटी नाही लावली?”

“लावली हुती की. पत्रा व्हता, न्हेला कुनीतरी.”

त्यांनी हातातली काठी पाण्यात घातली. काठी गेली, मनगट गेलं, तळ लागला नाही. मग वर्षभर कुणालाच न विचारलेलं मी त्यांना विचारलं, त्याने हाक मारली होती का?

“न्हाई वो दादा. बूट पायडलला अडकल्यालं व्हतं. सायकलीसकट वर काढला आमी. डबकं समजून जोरात घातली आसंल त्यानं.”

घातलीच असणार. डबकं दिसलं की तुम्ही वेग वाढवता, पाणी दोन्हीकडून उडालेलं फोटोत छान दिसतं. तसा एक फोटो आमच्या फ्रिजवर आहे, तूच काढलेला.

तू गेलास तेव्हा तिथे जमीन होती. ती नंतर खणली. तुझी चूक नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. सुखदाला, काकूला, तुझ्या आईला. आणि घरी येऊन दार लावलं की मला तुझा राग येतो, सलिल. एप्रिलमधली जमीन बघून तू रेष आखलीस आणि ऑगस्टमध्ये माझा मुलगा तिच्यावरून गेला. त्या रविवारी तुला ताप आला नसता तर तू पुढे असतास, हेही येतं मनात. हे लिहिताना लाज वाटत नाही, म्हणून लिहून टाकतो.

आता काम. सुजितला खड्ड्याचं सांगितलं. त्याने ग्रुपवर ‘जपून जा’ असं टाकलं. पण लिंक कुठेकुठे फिरते, बाहेरची मुलं येतात, आणि रूट ज्याचा असतो तोच तो बदलू शकतो, असं तो म्हणतो. तेव्हा ती रेष उसाच्या अलीकडून डांबरी रस्त्याने वळव. नाहीतर पुसून टाक. तोवर दर रविवारी सकाळी मी त्या पाण्यापाशी उभा राहणार आहे.

मला उत्तर नको, रेष वळव.

हरिहरकाका


पिंपळे सौदागर,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय सलिल,

काल रविवार होता. मी आणि ज्योतीराम काठीला लाल फडकं बांधून उभे होतो. बरीच मुलं आली. काही थांबून ऐकत होती, काही ‘थँक्यू अंकल’ म्हणून वळत होती. एक तर हात दाखवला तरी येतच होता, ज्योतीरामांनी त्याची सायकल धरली. डोळे यंत्रावर, कानात गाणी. त्याला खाली उतरवून काठी आत घालून दाखवली, तेव्हा तो रडायलाच लागला.

वाकडची एक मुलगी होती, ओवी. तिला म्हटलं, हा रूट माझ्या मुलाच्या मित्राचा, तो बदलत नाही. तिने फोनमध्ये बराच वेळ शोधलं. म्हणाली, “काका, सलिलचा रूट नाहीच आहे. तो गेल्या वर्षीच डिलीट झालाय.” आणि तारीख दाखवली.

ती तारीख मला पाठ आहे. म्हणजे आम्ही स्वानंदला घरी आणण्याआधी तू ती रेष पुसली होतीस.

सुजितला फोन केला. तेव्हा तो कबूल झाला की त्याच्याकडे जुनी प्रत होती, चॅलेंजसाठी त्याने तीच टाकली आणि नाव तुझं राहू दिलं. मी चॅलेंज बंद पाडीन याची त्याला भीती होती. काल रात्री त्याने रेष वळवली. पण ओवी म्हणते, ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडे जुनीच राहणार. स्वानंदच्या यंत्रात आहे तशी.

वर्षभर मी तुझ्यावर राग धरून होतो. त्याच्या आधाराने उठत होतो, चहा पीत होतो. आता तोही गेला, आणि सकाळी उठायला जड जातं. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुला माफ केलंय असंही नाही, कारण माफ कशाबद्दल करायचं तेच मला सापडत नाही.

एक अडचण आहे. काही जण उलटे येतात, तुळापूरकडून. काल दोघं तसे आले. आम्ही अलीकडून ओरडलो, त्यांनी कसेबसे ब्रेक मारले. ज्योतीरामांना दर रविवारी जमणार नाही, त्यांची गुरं आहेत. पलीकडच्या बाजूला कुणी उभं नाही.

तिथे तू उभा राहा. माझ्याशी बोलायची गरज नाही, मधे पाणी आहे. काठी आणि फडकं मी आणीन.

रविवारी वाट बघतो.

स्वानंदचे बाबा