गळ्यापर्यंत माती

ता. ४ मार्च
चि. बापूस आशीर्वाद.

तुझी सून काल माझ्याकडे येऊन रोपवाटिका बंद करते म्हणाली, म्हणून हे पत्र. समोर बोलले तर तू रेडिओ मोठा करतोस. तिच्या सासऱ्याने बागायतदारांच्या बैठकीत सांगितलं म्हणे, की कलमी टोमॅटोसुद्धा खाऱ्या पाण्यावर लिंबाएवढाच राहतो, पानं करपतात, सगळं थोतांड आहे. सासरा म्हणजे तू. घरचं भांडण घरात करायची अक्कल साठीत तरी यावी.

आज दुपारी तू डुलक्या घेत होतास, तेव्हा तुझ्या शेडमधलं एक रोप मी उपटलं. खाली रानटी टोमॅटोचा खुंट, वर आपला टोमॅटो, मध्ये जोड. खारं पाणी सोसतो तो खुंट. तुझ्या रोपाचा जोड चार बोटं मातीखाली निघाला आणि वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटलेली. खुंटाला बाजूला सारून तो थेट खारं पाणी पीत बसलाय. शनिवारी पुन्हा बैठक आहे, तिची रोपं घ्यायची की नाही ते ठरेल. तिथे उभा राहून चूक कबूल कर.

लोभ आहेच, वाढवायचा की आटवायचा, ते शनिवारी बघू.
तुझी ताई

ता. ६ मार्च
ती. ताईस शि. सा. नमस्कार.

रोप चोरलंस, वर माझ्या डुलक्या काढतेस! पण तुझं म्हणणं खरं निघालं. आणखी सहा रोपं उकरली, सगळ्यांची तीच गत.

आता माझं ऐक. जोड मातीच्या वर ठेवा, असं सूनबाईने तीनदा बजावलं होतं. पहिली रांग मी तशीच लावली. मग खुर्ची टाकून बसलेल्या एका बाईंनी फर्मावलं, की टोमॅटो गळ्यापर्यंत गाडायचा, खोडाला मुळं फुटतात, मी कॉलेजात शिकलेय. त्या बाई कोण, ते बैठकीत सांगू का? पहिली रांग शेडच्या दारामागे आहे, जाऊन बघ. त्याच पाण्यावर फळ मुठीएवढं. जरा पाणचट आहे, लिंबाएवढीच जास्त गोड लागतात. पण हे सूनबाईला सांगायची माझी छाती नाही.

राग आवरता घे, माया चालू दे.
तुझा बापू

ता. ७ मार्च
चि. बापूस आशीर्वाद.

त्या बाई मीच. साध्या रोपाला ते बरोबर होतं. आम्हाला कलम शिकवलं ते गुलाबाचं. टोमॅटोचं सूनबाईला विचारायला हवं होतं, आणि मी खुर्चीतून हुकूम सोडले. बैठकीत मीच बोलणार. तू शेजारी उभा राहून मान हलव, तेवढं तुला जमेल.

आज पाच वाजता सूनबाईच्या हाती दिलं: उपटलेलं रोप एक, मुळांसकट, ओल्या पोत्यात. मुठीएवढी फळं चार, लिंबाएवढी चार. गोडीचंही मीच सांगून टाकलं, ती म्हणाली, तिला ठाऊक आहे. कबुलीजबाब एक, माझ्या सहीचा, तुझ्या सहीला जागा सोडून.

तिने पोच लिहून दिली: सर्व मिळाले. पुढच्या लावणीला दोघांनीही घरात बसावे.