बोटीचं रुंद नाक

लिफुका, १९ जून १९९१

चि. मोसेसे यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आत्याच्या नातीचं लग्न हुकलं. श्रेय तुझं. खाडीच्या निवांत पाण्यात बोट फिरवून तू वेग मोजलास आणि बांधणारा मीच म्हणून छाती काढून उभा राहिलास. बादलीत कागदाची होडीही धावते, बाबा!

नुकुआलोफासाठी दक्षिणेला वळलो आणि समोरून लाटा. इंजिन तेच, तेल तेच, वेग निम्मा. निमुळतं नाक लाट चिरतं. तुझं थोराड नाक तिला ढकलत बसतं. त्यात लाट बोटीएवढी लांब झाली, की बोट पुढून उचलायची, धपकन आपटायची आणि जागीच थबकायची. शनिवारी सकाळी पोचायचं, तर बंदरापुढच्या प्रवाळाच्या भिंतीबाहेरच शनिवार सरला. रविवार देवाचा, त्या दिवशी धक्क्याला बोट कोण लावू देणार? दिवसभर नांगरावर. चर्चच्या घंटा ऐकत मी स्तोत्रं म्हणत होतो, साथीला आहेराची डुकरं.

ते नाक काप. तुझ्यावर लोभ आहेच, पण नाकासकट नाही.

फेलेती

नुकुआलोफा, २६ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

डुकरं ऐसपैस बसली पाहिजेत, असं म्हणत वाळूत ते नाक रेखाटलं कोणी? तूच. तेव्हा तुझ्या प्रार्थनेत लाटा नव्हत्या वाटतं! आणि जरा तिरकं जायचं सोडून डोकं खाली घालून थेट घुसायला तुला कोणी सांगितलं?

आत्या अंथरुणावर आहे. डॉक्टर नुसती मान हलवतात. तिची जीभ मात्र ठणठणीत. म्हणते, मोसेसेला हात दिले, डोकं द्यायचं देव विसरला. आणि तू म्हणे तिच्या दफनालाही असाच उशिरा, सोमवारी उगवशील. म्हणून ते नाक कापल्याशिवाय ती मरणार नाही, असं तिने पाद्रीबाबांसमोर बजावलं आहे.

लाकूड आणलंय, करवत पाजळलीय. बोट घेऊन ये. राग असू दे, पण माया आटू देऊ नकोस.

मोसेसे

लिफुका, ३ जुलै

चि. मोसेसे यास आशीर्वाद.

पत्र वाचून चर्चमध्ये बराच वेळ बसलो. आत्याचा शब्द आपल्या घरात आजवर कोणी मोडलेला नाही. तीही स्वतःचा मोडणार नाही.

तेव्हा मूर्खा, करवत गंजू दे. मी उद्या निघतो, त्याच नाकाने, रडतखडत. तिला सांग, फेलेती म्हणतो, असलं देखणं नाक साऱ्या टोंगात नाही.

तिला सांभाळ, आणि स्वतःलाही.

फेलेती